बांध कोणी राखायचा, कचरा कोणी वेगळा करायचा?

प्रश्न : आमच्या पंचायतीने ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याची सक्ती केली, दंडाचे फलक लावले, तरी रात्री रस्त्याच्या कडेला पिशव्या येऊन पडतातच. लोकांची वृत्तीच बदलत नाही, असे सगळे म्हणतात. राज्यशास्त्रात यावर काही संशोधन झाले आहे का?
(एक वाचक, डिचोली तालुका)

उत्तर : झाले आहे, आणि त्यातून निघणारा निष्कर्ष ‘वृत्ती’ या उत्तरापेक्षा बराच उपयोगी आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात इंडियानापोलिस शहर आणि त्याच्या आसपासच्या वस्त्यांतील पोलीस व्यवस्थेचा अभ्यास केला. मोठ्या शहराच्या पोलीस दलापेक्षा लहान वस्त्यांच्या छोट्या दलांचे काम कमी दर्जाचे असेल, अशी त्या काळच्या जाणकारांची समजूत होती. प्रत्यक्षात नागरिकांचा अनुभव अनेक बाबतींत लहान दलांकडेच झुकला. या अभ्यासातून ऑस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहनिर्मितीची कल्पना मांडली. सुरक्षितता असो की स्वच्छता, अशी सेवा केवळ कर्मचारी निर्माण करत नाहीत, तिचा अर्धा भाग नागरिकाच्या हातून घडतो. साळगावचा कचरा प्रक्रिया प्रकल्प कितीही सक्षम असला, तरी मासळीची खवले आणि दुधाची पिशवी स्वयंपाकघरातच वेगळी झाली नाही, तर पुढचे यंत्र ती चूक पूर्णपणे निस्तरू शकत नाही.

दंडाविषयी एक प्रयोग मुद्दाम सांगतो. ऑस्ट्रॉम, जेम्स वॉकर आणि रॉय गार्डनर यांनी १९९२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रयोगात भाग घेणाऱ्यांना एका सामाईक साठ्यातून कमाई करायची होती आणि प्रत्येकाने हात मोकळा सोडला की सर्वांचेच नुकसान होत असे. एकमेकांशी बोलण्यास मनाई होती तेव्हा साठ्याची अक्षरशः लूट झाली. समोरासमोर बोलू दिले, तेव्हा कोणतीही सक्ती नसताना वागणूक पुष्कळ सुधारली. बोलणे बंद ठेवून फक्त एकमेकांना दंड करण्याची सोय दिली, तेव्हा लोकांनी दंड मनसोक्त केले, पण त्या दंडांच्या खर्चातच मिळवलेला फायदा वाहून गेला. सर्वांत चांगले फळ मिळाले ते आधी बोलून, मग दंड किती आणि कोणाला हे स्वतः ठरवणाऱ्या गटांना.

म्हणून आपल्या पंचायतीला माझा प्रश्न असा की, दंडाची रक्कम ग्रामसभेत चर्चा होऊन ठरली, की एके दिवशी फलकावरच दिसली? पहिल्या चुकीला समज, दुसऱ्या चुकीला लहान दंड आणि त्यानंतर मोठा, अशी चढती पायरी आहे का? वाड्यावरच्या माणसांनीच वाड्यावर लक्ष ठेवायचे, असे ठरले आहे का? मात्र हमरस्त्यावरून जाताना गाडीतून पिशवी भिरकावणाऱ्याला ग्रामसभेशी काही देणेघेणे नसते. तिथे कॅमेरा आणि कडक कारवाईच हवी, आणि ते काम सरकारी यंत्रणेचे आहे.

प्रश्न : आमच्या खाजन शेताचा, म्हणजे नदीकाठच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या सखल शेताचा, बांध फुटला आणि खारे पाणी आत शिरले. वडील सांगतात की पूर्वी गाव स्वतः बांध राखत असे. आता सगळे सरकारची वाट पाहतात. सरकारने एकदा सिमेंटचा पक्का बांध बांधून दिला, तर प्रश्न कायमचा सुटणार नाही का?
(एक शेतकरी, तिसवाडी)

उत्तर : आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळचे उत्तर नेपाळमधून मिळते. तिथल्या डोंगराळ भागात शेतकऱ्यांनी दगड, माती आणि झाडाच्या फांद्यांनी बांधलेले पाटबंधारे आहेत, तसेच सरकारने परदेशी मदतीतून बांधलेले पक्के बंधारेही आहेत. ऑस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक पाटबंधाऱ्यांची माहिती गोळा करून तुलना केली. कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेताला पाणी पोहोचवण्यात शेतकऱ्यांनी चालवलेले बंधारे सरस ठरले. कच्चा बंधारा दर पावसाळ्यात वाहून जातो, तो पुन्हा उभारायला सगळ्या गावाचे हात लागतात, आणि वरच्या अंगाच्या शेतकऱ्याला खालच्या अंगाच्या शेतकऱ्याची गरज असते म्हणून पाण्यातला त्याचा वाटाही त्याला मान्य करावा लागतो. पक्का बंधारा झाला की ही गरज संपते, आणि गरजेबरोबर टोकाच्या शेतकऱ्याचा शब्दही हलका होतो.

खाजनाची गोष्ट याहून वेगळी नाही, असे मला मनापासून वाटते. गोव्यात साधारण १८,००० हेक्टर खाजन जमीन आहे, आणि ती नदीच्या खाऱ्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असूनही तिथे शतकानुशतके कोरगुटासारखे भात पिकले. मानस म्हणजे बांधातली पाण्याची वाट. भरतीच्या पाण्याच्या दाबाने मानशीची लाकडी दारे आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर ढकलून उघडतात. ही रचना बिनचूक असली, तरी तिच्या मागे माणसांची तितकीच नेटकी व्यवस्था होती. ‘गावकरी’ ही गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था, म्हणजेच पोर्तुगीज अमलातली कोमुनिदाद, जमीन कसायला देत असे आणि त्याच उत्पन्नातून बांधाची डागडुजी करत असे. भगदाड लहान असतानाच ते बुजवले जाई, कारण नुकसान कोणाचे होणार हे स्पष्ट होते.

१९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले. ते न्याय्य होते आणि त्याविषयी मला किंचितही शंका नाही. परंतु बांधाची जबाबदारी कोमुनिदादीकडून सुटली आणि पुढे १९७५ च्या नियमांनी ती कूळ संघटनांकडे, मामलेदाराच्या देखरेखीखाली, सोपवली गेली. हक्क घरोघरी वाटले गेले, बांध मात्र सामाईक राहिला. शेतीचे उत्पन्न घटले, मुले नोकरीला लागली, शेते पडीक झाली, आणि त्याच वेळी मानशीवरच्या मासेमारीच्या लिलावाला चांगले पैसे येऊ लागले. भातासाठी खारे पाणी बाहेर ठेवायचे असते, मासळीसाठी ते आत घ्यायचे असते. ज्याचा फायदा पाणी आत येण्यात आहे, त्याच्या हातात मानस असेल, तर बांध कितीही पक्का असून शेत वाचत नाही. काही ठिकाणी बांध मुद्दाम फोडल्याच्या तक्रारीही यातूनच झाल्या आहेत. पाणी फार दिवस साचले की खारफुटी वाढते, ती तोडण्यावर कायद्याने निर्बंध आहेत, आणि मग ते शेत परत मिळवणे जवळजवळ अशक्य होते.

म्हणून सिमेंट हवे की माती, हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन. सरकारचा पैसा अवश्य हवा, कारण मोठे भगदाड बुजवणे आजच्या कुळांच्या ऐपतीबाहेरचे आहे. ऑस्ट्रॉमही सरकारला बाजूला सारा असे म्हणत नव्हत्या. स्थानिक संघटनेला नियम करण्याचा अधिकार सरकारने मान्य करणे, ही टिकाऊ व्यवस्थेची एक अट म्हणून त्यांनी नोंदवली आहे. आपण कूळ संघटनेच्या सभेत आधी तीन गोष्टी मागाव्यात. लिलावाच्या रकमेतला ठरावीक हिस्सा बांधासाठी वेगळा ठेवून त्याचा हिशेब फलकावर लावावा. मानशीची दारे कोणत्या महिन्यांत कशी ठेवायची, हे लिलावाच्या अटींतच लिहावे. आणि पडीक शेताच्या मालकानेही बांधाची वर्गणी द्यावी, कारण फुटलेल्या बांधाचे पाणी कसलेले शेत आणि पडीक शेत असा भेद करत नाही. हे झाल्यावर कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाकडे अर्ज केलात, तर आलेला पैसा टिकेल.

प्रश्न : राज्यशास्त्राच्या अभ्यासकाला अर्थशास्त्राचे नोबेल कसे मिळाले? मला याच विषयात संशोधन करायचे आहे. सुरुवात कुठून करू?
(एक विद्यार्थिनी, फोंडा)

उत्तर : ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये ऑलिव्हर विल्यमसन यांच्यासोबत हा सन्मान मिळाला आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. गणिताची पुरेशी तयारी नसल्याच्या कारणाने त्यांना अर्थशास्त्राच्या पीएच.डी.ला प्रवेश मिळाला नव्हता, म्हणून त्या राज्यशास्त्राकडे वळल्या. १९६५ साली पूर्ण झालेला त्यांचा प्रबंध दक्षिण कॅलिफोर्नियातील भूजलावर होता: विहिरींचा उपसा इतका वाढला होता की समुद्राचे खारे पाणी जमिनीखाली शिरू लागले होते, आणि तो थांबवण्यासाठी तिथल्या लोकांनी आपसात करार कसे केले, हे त्यांनी तपासले. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले होते की सामाईक कुरण उजाड होणारच आणि उपाय खासगी मालकी किंवा सरकारी ताबा हेच. ऑस्ट्रॉम यांनी १९९० पर्यंत स्वित्झर्लंडची कुरणे, स्पेनमधील वालेन्सियाचे कालवे आणि फिलिपाइन्समधील पाटबंधारे तपासून दाखवले की लोक स्वतःही व्यवस्था टिकवतात, आणि ती कोणत्या अटींवर टिकते.

सुरुवात आपल्या तालुक्यातून करा. खाजन असलेली काही गावे निवडा, त्यांत काहींचे बांध शाबूत असावेत आणि काहींचे फुटलेले. प्रत्येक ठिकाणी तेच प्रश्न विचारा: लिलाव कोण करतो, पैसा कुठे जातो, बांधाची पाहणी शेवटची कोणी केली, नियम मोडणाऱ्याला प्रथम काय सांगितले जाते. फक्त यशस्वी गावे पाहिलीत, तर कारण सापडल्याचा भास होईल. मामलेदार कार्यालयातील संघटनांच्या नोंदी आधी वाचा आणि मगच लोकांकडे जा, म्हणजे कागदावरची संघटना आणि बांधावरची संघटना यांतला फरक आपल्याला पहिल्याच मुलाखतीत विचारता येईल.