आधी तो फोटो बघा

पत्र : माझी मुलगी २९ वर्षांची आहे, बी.एस्सी. नर्सिंग झालेली. नाशिकमधल्याच एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूत पाच वर्षं होती. शेवटी अठ्ठावीस हजार पगार होता. तो सोडून गेल्या वर्षी ती ‘मर्सी शिप्स’ या सेवाभावी संस्थेच्या हॉस्पिटल-जहाजावर गेली, पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला. पगार नाहीच, उलट विमानाचं तिकीट आणि तिथला राहण्याजेवण्याचा खर्च तिने पदरचा घातला. आता परत आली आहे आणि पुन्हा जायचं म्हणते. दोन चांगली स्थळं हातची गेली. मुलाकडचे विचारतात, हे खूळ किती दिवस चालणार? भर समुद्रात जहाजाला काही झालं तर, या विचाराने मला झोप लागत नाही. आणि सेवाच करायची तर आपल्या पेठ-सुरगाण्यात गरज कमी आहे का? तिकडे असताना तिने एकदा फॅमिली ग्रुपवर एका पेशंट बाईचा फोटो टाकला होता, तोंडावर ही एवढी गाठ. आम्ही सगळे रात्रीचे जेवायला बसलो होतो, लहान पुतण्याही होता. ॲडमिन मीच, म्हणून लगेच डिलीट केला. असो. आल्यापासून घरात कामापुरतं बोलते आणि खोलीचं दार लावून तिकडच्या मैत्रिणींशी तासन्‌तास हसतखिदळत असते. तुम्हीच तिला चार शब्द समजावून सांगा.
— एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर :

ताई,

स्थळांबद्दल, पैशांबद्दल, समुद्राबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंत. फोटोचं मात्र दोनतीन ओळींत उरकलंत. मी तिथेच थांबले, आणि अजून तिथून हलावंसं वाटत नाही.

तुम्ही नऊच्या सुमाराला जेवायला बसला असाल, तर सिएरा लिओनच्या राजधानीत, फ्रीटाउनला, तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. तुमच्या मुलीने तो फोटो पाठवला आणि कोण काय म्हणतंय हे बघायला पुन्हा ग्रुप उघडला असेल. तिला काय दिसलं? फोटोच्या जागी एक राखाडी ओळ, की हा मेसेज ॲडमिनने डिलीट केला. आणि ॲडमिन म्हणून तिच्या आईचं नाव. घरापासून इतक्या लांब असलेल्या मुलीला घरून मिळालेलं हे उत्तर.

तो फोटो मी पाहिलेला नाही. पण त्या जहाजांवर ज्या गाठींची ऑपरेशनं होतात, त्यांतल्या पुष्कळशा जबड्यातल्या असतात. त्यातल्या एका प्रकाराचं नाव अमेलोब्लास्टोमा. दात ज्या पेशींपासून बनतात त्यांतून ती गाठ उगवते. बहुतेक वेळा कॅन्सरची नसते, सावकाश वाढते. आपल्याकडे कॉलेज रोडवरच्या डेंटिस्टने एक्स-रे काढला की ती सुपारीएवढी असतानाच सापडते आणि काढून टाकता येते. जिथे सर्जन नाही, किंवा असून परवडत नाही, तिथे ती वर्षानुवर्षं वाढत राहते. दात हलतात, जीभ एका बाजूला ढकलली जाते, घास गिळणं अवघड होतं आणि शेवटी श्वास कोंडायला लागतो. कॅन्सर नसलेल्या गाठीने माणूस उपासमारीने किंवा गुदमरून मरतो. जगात सुमारे ५०० कोटी लोकांना वेळेवर, सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही, असं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०१५ मध्ये सांगितलं होतं. ती बाई त्या ५०० कोटींतली एक.

आणि मरणाच्या आधी लोकांच्या नजरा असतात. अशा माणसाला शाप लागला, करणी झाली असं म्हणतात. बाजारात लोक बाजूला सरकतात. कित्येक जण चेहऱ्यावर फडकं ओढून घरात बसलेले असतात, काही तर वर्षानुवर्षं. असा पेशंट वॉर्डात आला की नर्सचं पहिलं काम सलाइन लावणं नसतं. दुभाष्याला शेजारी उभं करून, पेशंटचा हात हातात घेऊन, त्याच्या डोळ्यांत बघून बोलायचं असतं. नजर गाठीवर अडकू द्यायची नाही आणि चुकवायचीही नाही. हे जमायला काळीज लागतं, ताई. तुमच्या मुलीने ते केलं.

ऑपरेशननंतरचं तर सगळं तिच्या आयसीयूतलंच काम. जबड्याचं हाड काढून तिथे टायटॅनियमची पट्टी बसवतात. नाकातल्या नळीतून पातळ अन्न, गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवली असेल तर रात्रभर सक्शन, म्हणजे नळीत साचलेला कफ ओढून काढणं. बोलता येत नाही म्हणून पेशंट बोटांनी खुणा करतो आणि त्या समजून घ्यायच्या. पेशंटबरोबर आलेली आई किंवा बहीण त्याच खाटेखाली गादी टाकून झोपते, म्हणजे मध्यरात्री वाकून तिलाही धीर द्यायचा. रक्त लागलं तर ते देतात जहाजावरचीच माणसं. स्वयंपाकघरात काम करणारा, इंजिन रूममधला, नर्स, ज्याचा गट जुळेल तो. कुणी सांगावं, तुमच्या मुलीचं रक्तही तिथल्या कुणाच्या अंगात असेल. तुम्ही विचारलंत का?

आणखी एक गोष्ट. तिथे पेशंटच्या संमतीशिवाय फोटो बाहेर जात नाहीत. आयुष्यभर फडक्याआड राहिलेली एक बाई ‘घ्या माझा फोटो, बघू दे लोकांना’ म्हणाली. तुमच्या मुलीने तो कुठे चव्हाट्यावर टाकला नाही, आपल्या घरच्यांना दाखवला, कारण माझी माणसं हिच्याकडे नीट बघतील असा तिला भरवसा होता. आणि गावाने त्या बाईच्या बाबतीत जे केलं तेच नेमकं तुम्ही इंदिरानगरमध्ये जेवणाच्या टेबलावर बसून केलंत. पुतण्याने विचारलं असतं, काकू, हिला काय झालंय? सांगायचं, की तिला बरं करतायत, आपली ताई आहे तिथे. सहासात वर्षांच्या पोराला एवढं कळतं.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. जहाज भर समुद्रात नसतं. वर्षातले साधारण दहा महिने ते बंदरात, धक्क्याला बांधलेलं असतं. फ्रीटाउनच्या बंदरात संस्थेचं ‘ग्लोबल मर्सी’ हे जहाज २०२३ च्या ऑगस्टपासून सेवेला लागलं. तेव्हा वादळाच्या भीतीने जागू नका. पदरचे पैसे तुमची एकटी मुलगी घालते असंही नाही, तिथले सर्जनसुद्धा बिनपगारी असतात. डॉ. गॅरी पार्कर नावाचे सर्जन तीस वर्षांहून जास्त काळ या जहाजांवर हीच चेहऱ्याची ऑपरेशनं करत राहिले. ऑपरेशन थिएटर गरिबाच्या दारात नेणं हे परदेशी खूळही नाही. आपल्याच रुळांवर १९९१ पासून लाइफलाइन एक्स्प्रेस धावते आहे, तिच्या डब्यांत मोतीबिंदूची आणि फाटलेल्या ओठांची ऑपरेशनं होतात.

पेठ-सुरगाण्याचं म्हणाल, तर गरज तिथे आहेच, भरपूर आहे. पण तुमच्या मनात पेठ नाही आणि सुरगाणाही नाही. मुलगी उद्या सुरगाण्याच्या ग्रामीण रुग्णालयात निघाली तर तुम्ही मला दुसरं पत्र लिहाल. पाच वर्षं ती नाशिकमध्येच आयसीयूत होती. तंबाखूने जबडा गेलेली माणसं तिने इथेही पाहिली असतील. रात्रपाळीहून सकाळी घरी आल्यावर ‘आज कोण होतं गं वॉर्डात’ असं कधी विचारलंत? तुमच्या पत्रात तिच्या पगाराचा आकडा आहे, तिच्या वॉर्डातला एकही माणूस नाही. म्हणून मला वाटतं, तुमचं भांडण जहाजाशी नाहीच. मुलगी जे काम करते ते तुम्हाला बघवत नाही. लग्न झालं की ते आपोआप सुटेल आणि आपल्याला बघावं लागणार नाही, असा हिशेब मनाशी चालू आहे.

तिला हे केव्हाच कळलंय. बंद दाराआडचं तिचं हसणं तुम्हाला लागतं, हे मला दिसतं आहे. पण पलीकडे फोनवर ज्या मुली आहेत त्यांनी तो वॉर्ड पाहिलाय. त्यांना काही झाकून सांगावं लागत नाही. तुमच्याशी ती कामापुरतं बोलते, कारण कामाबद्दल बोलली तेव्हा तुम्ही ते पुसून टाकलंत.

तिला मी काहीही समजावणार नाही. पुन्हा जायचं की नाही हे ती ठरवेल. जी मुलगी स्वतःच्या कमाईवर, स्वतःच्या जबाबदारीवर तिथवर जाऊन पेशंट सांभाळून आली, तिला कुणाच्या चार शब्दांची गरज नाही. मला तिचा फार अभिमान वाटतो, आणि हे तिला सांगायचं असेल तर खुशाल सांगा.

तुम्ही मात्र एक काम आजच करायचं आहे. रात्रीची आवराआवर झाली की तिच्या खोलीत जा आणि म्हणा, तो फोटो मला परत दाखव. सफाई देऊ नका, ‘तेव्हा सगळे जेवत होते ना’ हे तर चुकूनही नको. चष्मा लावून जा. फोटो हातात घेऊन नीट बघा, आधी त्या बाईचे डोळे, मग गाठ. ऑपरेशननंतरचा फोटो असेल तर तोही मागा. मग विचारा, ही पहिल्यांदा तोंडाने कधी जेवली? काय खाल्लं? नर्सला असल्या गोष्टी तारीखवार आठवतात. ती सांगायला लागली की मध्ये बोलू नका, रात्रीचा एक वाजला तरी चालेल. त्या रात्री स्थळांचा विषय काढायचा नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.