टाइपरायटरवर मराठी लिहावे का?

प्रश्न : निवृत्तीनंतर मी पुन्हा कथा लिहू लागलो आहे, परंतु संगणकासमोर बसलो की लिहिण्यापेक्षा खोडण्यातच वेळ जातो. येथील एका बंद पडलेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधील मराठी टाइपरायटर विकत मिळत आहे. तरुणपणी मी मराठी टायपिंगची, मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा दिली होती. हे यंत्र घ्यावे का, आणि घेताना काय पाहावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पहिल्या खर्ड्यासाठी अवश्य घ्यावे. टाइपरायटरवर मागचे वाक्य पुसता येत नाही, त्यामुळे ते मनासारखे नसले तरी लेखक पुढच्या वाक्याकडे जातो आणि कथा शेवटापर्यंत पोहोचते. आपली अडचण नेमकी हीच दिसते. दोन ओळींमध्ये दुप्पट अंतर सोडावे, म्हणजे पेन्सिलीने दुरुस्त्या करायला जागा राहते.

मराठी यंत्र पारखताना 'शाखा' हा शब्द ओळभर टाइप करून पाहावा. या कळफलकावर ख, घ, ण, थ, ध, भ, श ही अक्षरे अर्धीच असतात आणि काना जोडल्यावर पूर्ण होतात. म्हणजे 'शा' लिहिण्यासाठी अर्ध्या श-नंतर काना दोनदा दाबावा लागतो. साहजिकच कान्याच्या कळीवर सर्वाधिक भार पडतो. काना अक्षराला नीट चिकटतो का, शिरोरेघ सलग येते का, हे या एका ओळीत कळते. फट नेहमी एकाच अक्षरापाशी पडत असेल, तर बहुधा तेवढा खिळा, म्हणजे त्या अक्षराचा ठसा, वाकलेला असतो आणि तो सरळ करता येतो. ती कुठेही, कशीही पडत असेल, तर गाडी, म्हणजे कागद धरून सरकणारा वरचा भाग, सरकवणाऱ्या दात्यांत दोष असण्याचा संभव असतो आणि असे यंत्र सोडून द्यावे. उकार-मात्रांच्या कळा दाबल्यावर गाडी जागची हलता कामा नये, हेही तपासावे.

गोदरेजने १९५५ पासून टाइपरायटर बनवले आणि २००९ मध्ये उत्पादन थांबवले. सुटे भाग आता जुन्या यंत्रांतूनच काढावे लागतात, म्हणून यंत्राआधी दुरुस्ती करणारा कारागीर शोधावा. रिबनची चिंता नाही. अर्ध्या इंचाची रिबन अजून मिळते आणि जुन्या चकत्यांवर गुंडाळता येते. रुळाचे रबर कडक झाले असेल, तर कागदामागे आणखी एक कागद लावावा. खिळ्यांच्या दांड्या जेथे एकत्र येतात, तेथे तेल मुळीच घालू नये, कारण तेलावर धूळ बसून कळा अडकतात. ब्रश आणि थोडे स्पिरिट पुरते.

टाइप केलेली पाने स्कॅन करून संगणकाकडून वाचून घेण्याचा मोह मात्र टाळावा. तुटक शिरोरेघ आणि सुटा काना यांमुळे त्यात चुका फार होतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे सारा मजकूर हाताने पुन्हा टाइप करताना प्रत्येक वाक्य नव्याने पारखले जाते. जे वाक्य दुसऱ्यांदा टाइप करण्याचा कंटाळा येतो, ते बहुतेक वेळा गाळण्याजोगेच असते. संगणकावर युनिकोडमध्ये टाइप करताना रेमिंग्टन मांडणी, म्हणजे जुन्या टाइपरायटरसारखी कळांची रचना, निवडावी, म्हणजे आपल्या बोटांना जुनीच सवय पुरेल. इन्स्क्रिप्ट या संगणकावरच्या दुसऱ्या मांडणीमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर द्यावी लागते, तर टाइपरायटरवर ती आधी येते.