लाटेक या मजकूर-मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये काळा अधिक एक लाल अशी दोन रंगांची फाइल केली, तरी प्रेसवाले म्हणतात चारही प्लेट (दर शाईला एक) निघतात. काय चुकलं?

तुम्ही एक्सकलर या लाटेकच्या रंगांच्या पॅकेजला सीएमवायके (सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा या चार शाया) पर्याय लावून लालला ०, ०.९५, १, ० असे आकडे दिलेत. हा स्पॉट कलर, म्हणजे डब्यातली एकच तयार शाई, नव्हेच; ही मॅजेंटा-पिवळ्याच्या ठिपक्यांची मिसळ आहे. त्यानेही काळ्यासह तीनच प्लेट भरतात. सायनची भरली, म्हणजे आत कुठेतरी आरजीबीसुद्धा (पडद्याची लाल-हिरवा-निळा रंगपद्धत) घुसलंय. बहुधा आलेख: त्यांच्या आरजीबी काळ्या रेषा चारही शायांत फुटतात. ते आधी ग्रेस्केल करा.

पीडीएफमध्ये स्पॉट रंग ओळखला जातो तो नावाने. कलरस्पेस पॅकेज घ्या, त्यात शाईचं नाव आणि सोबत पर्यायी सीएमवायके आकडे द्या. हे आकडे फक्त पडद्यावर आणि प्रूफवर दिसण्यापुरते. त्यांवरून तासन्‌तास वाद घालणाऱ्यांना मी कायम हेच विचारतो, मशीनवर शाई डब्यातून येते की तुमच्या आकड्यांतून?

भांडायचंच तर नावावरून भांडा. पँटोन या शाईच्या रंगक्रमांकात सी म्हणजे लेपित कागद, यू म्हणजे बिनलेपाचा. मजकुरात ‘पँटोन ४८५ सी’ आणि बाहेरून आलेल्या लोगोत ‘पँटोन ४८५ यू’ असेल, तर शाई तीच असूनही रिपला (फाइलवरून प्लेट काढणाऱ्या प्रेसच्या यंत्रणेला) दोन रंग दिसतात आणि प्लेट दोन निघतात. एखादी जास्तीची स्पेसही तेवढीच महागात पडते. लोगो मूळ सॉफ्टवेअरमध्ये उघडून नाव अक्षरन्‌अक्षर जुळवा.

फाइल पाठवण्याआधी घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफ हाताळणाऱ्या प्रोग्रामच्या टिफसेप डिव्हाइसमधून काढा. प्रत्येक शाईची वेगळी टिफ (चित्राची फाइल) मिळते. सायन, मॅजेंटा, पिवळा या तिन्ही कोऱ्या हव्यात. पडद्यावर छान दिसतंय हा पुरावा नाही.

लाल पट्टीवर काळा मजकूर असेल तर काळा ओव्हरप्रिंट ठेवा, म्हणजे तो लालच्या वरच छापू द्या. नाहीतर खाली लालमध्ये अक्षरांच्या आकाराची भोकं पडतात आणि रजिस्ट्रेशन (प्लेटांची एकमेकींशी जुळणी) केसभर हललं की पांढरी कड दिसते. बारीक अक्षरांना ४० टक्के लाल देऊ नका. त्यासाठी वेगळी प्लेट लागत नाही हे खरं, पण टिंट (अशी फिकी छटा) ठिपक्यांचाच असतो, कडा कुरतडल्यासारख्या येतात. बारीक अक्षर १०० टक्केच.

आणि हो, पुस्तकात रंगीत फोटो असतील तर हे सगळं बहुतेक वेळा व्यर्थ. चार प्लेट तशाही लागणार, स्पॉट म्हणजे पाचवी. ती फक्त धातूच्या छटेसाठी, फ्लुरोसंटसाठी किंवा चार शायांत न बसणाऱ्या भडक नारिंगीसारख्या रंगासाठी.