वाचकांचे प्रश्न : मागची बाजू खाली घेताना चाकांचे काय होते

प्रश्न : आमच्याकडे वडिलांच्या वेळची स्टँडर्ड हेराल्ड आहे. मागचे आडवे पाटे नवीन बसवल्यापासून गाडीची मागची बाजू फारच उंच दिसू लागली, म्हणून गॅरेजमध्ये डिफरन्शियल (मागच्या दोन्ही चाकांना जोर वाटून देणारी गिअरची पेटी) आणि पाटे यांच्यामध्ये दोन इंची ठोकळा घालून घेतला. आता मागचे दोन्ही टायर आतल्या कडेने झिजत आहेत आणि ओल्या रस्त्यावर मागची बाजू स्थिर वाटत नाही. पुढच्या चाकांचे अलाइनमेंट दोनदा करून घेतले, पण फरक पडला नाही. ठोकळा काढून पाटे लोहाराकडून तापवून बसवावेत, असाही सल्ला मिळाला आहे. काय करावे?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : पाटे तापवण्याचा सल्ला आधी बाजूला ठेवावा. पाट्याचे पोलाद भट्टीत किंवा गॅसच्या ज्योतीवर तापवले की त्याचे पाणी उतरते. काही दिवस गाडी हव्या त्या उंचीवर दिसते, पुढे पाटा आणखी बसतो किंवा तापवलेल्या जागी तुटतो. कमान कमी करायचीच असेल तर ती थंड पाट्यावर, प्रेसखाली उतरवता येते. ऊस वाहणाऱ्या ट्रकांमुळे आपल्या भागात पाट्यांचे काम करणारे चांगले कारागीर आहेत, त्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

मूळ दोष ठोकळ्याच्या जाडीत आहे. हेराल्डला मागे सरळ, अखंड ॲक्सल नाही. डिफरन्शियल चॅसीला पक्के बसवलेले आहे आणि दोन्ही बाजूंचे अर्धे ॲक्सल त्याच्या जवळच्या सांध्यातून खालीवर झुलतात. त्यामुळे चाक वर गेले की ते नुसते वर जात नाही, त्याचा माथा आत झुकतो. खाली गेले की माथा बाहेर झुकतो. सांध्यापासून चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर ढोबळमानाने अर्धा मीटर धरले, तर गाडी २५ मिमी खाली घेतल्यावर कॅम्बर, म्हणजे उभ्या रेषेपासूनचा चाकाचा झुकाव, जवळपास ३ अंशांनी बदलतो आणि ५० मिमी खाली घेतल्यावर सुमारे ६ अंशांनी. आपण दोन इंच मागितले आणि चाकांना सहा अंशांचा आतला झुकाव मिळाला, असा हा हिशोब आहे.

याचा अर्थ हेराल्ड मुळीच खाली घेऊ नये असा नाही; उलट थोडीशी खाली घेतलेली हेराल्ड वळणावर अधिक भरवशाची असते. मागची बाजू उंच असलेली गाडी वेगाने वळवली की बाहेरचे चाक अंगाखाली दुमडू पाहते आणि गाडीचा मागचा भाग आणखी वर उचलला जातो, हा झुलत्या ॲक्सलचा जुना दोष आहे. यवतेश्वरचा घाट उतरताना एखाद्या वळणावर अचानक ब्रेक मारणाऱ्याला तो कळायला वेळ लागत नाही. हेराल्ड मुळात ज्या इंग्लिश कंपनीची, त्या ट्रायम्फने १९७० च्या स्पिटफायर मार्क ४ मध्ये पाट्यांची पकड बदलून तो दोष बराच कमी केला; आपल्याकडे हेराल्ड बनवणाऱ्या मद्रासच्या कंपनीने १९७२ च्या गॅझेलमध्ये झुलते ॲक्सल सोडून सरळ ॲक्सलच बसवला. माझ्या मते आपल्या गाडीला २० ते २५ मिमीचा ठोकळा पुरेसा आहे. ओझे घेतलेल्या अवस्थेत चाकाचा माथा एक-दोन अंश आत असावा, त्याहून अधिक नको. नवे पाटे काही महिन्यांत आपोआप थोडे बसतात, ही गोष्टही ठोकळा ठरवताना धरली पाहिजे. घाईने दोन इंच घालणाऱ्याला पुढे अडीच इंच मिळतात.

आता झिजेविषयी. केवळ कॅम्बरने टायर इतक्या लवकर झिजत नाही. त्याला बहुधा टोची साथ असते. टो म्हणजे वरून पाहिल्यावर चाकाचे तोंड सरळ पुढे न राहता आत किंवा बाहेर वळलेले असणे. टायरच्या आतल्या कडेवरून तळहात आडवा, दोन्ही दिशांनी फिरवून पाहा. झीज गुळगुळीत असेल तर कॅम्बर कारण आहे. एका दिशेने करवतीसारखी धार लागत असेल तर चाकाचे तोंड तिरपे आहे. हेराल्डच्या मागच्या प्रत्येक चाकाला पुढे जाणारा एक रेडियस आर्म, म्हणजे चाकाला पुढेमागे जागेवर धरणारा दांडा, आहे. चाक खालीवर झाले की या आर्मचे टोक कमानीत फिरते आणि चाकाला किंचित पुढेमागे ओढते, त्यामुळे उंची बदलली की टोही बदलतो. तो जुळवण्यासाठी आर्मच्या पुढच्या ब्रॅकेटखाली पातळ पत्र्यांचे शिम असतात. पुढच्या चाकांचे अलाइनमेंट कितीही वेळा केले तरी या शिमला कोणी हात लावत नाही, म्हणून आपला खर्च वाया गेला. मागची चाके बाहेर उघडी राहिली तर ओल्या रस्त्यावर शेपूट हलणारच. मूळ पुस्तिकेतला टोचा आकडा शोधून अलाइनमेंटवाल्याकडे घेऊन जावे, कारण त्याच्या मशीनच्या यादीत या गाडीचे नाव असण्याची शक्यता कमीच.

मोजणी मात्र नीट झाली पाहिजे. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजली तर सगळे आकडे खोटे येतात, कारण जॅकवर चाके आत दुमडलेली असतात आणि टायर जमिनीला धरून राहिल्याने ती जागेवर येत नाहीत. गाडी काही मीटर पुढेमागे ढकलावी, मागची बाजू दाबून सोडावी, हवा तपासावी, पुढच्या जागांवर दोन माणसांचे वजन ठेवावे (५० किलोची साखरेची तीन पोती हे काम उत्तम करतात) आणि मगच मोजावे. कॅम्बरसाठी गवंड्याचा ओळंबा पुरतो. रिमच्या वरच्या आणि खालच्या कडांमध्ये ३५० मिमी अंतर असेल, तर ओळंब्यापासून त्या दोन कडांच्या अंतरातला ६ मिमीचा फरक म्हणजे साधारण एक अंश. टोसाठी गाडीच्या दोन्ही बाजूंना, मध्यरेषेला समांतर, चाकांच्या मध्याच्या उंचीवर दोऱ्या ताणाव्यात. प्रत्येक मागच्या चाकाच्या रिमची पुढची आणि मागची कड दोरीपासून किती दूर आहे, ते स्वतंत्रपणे नोंदवावे. दोन्ही चाकांचा एकूण टो बरोबर असूनही एक चाक डावीकडे आणि दुसरेही डावीकडेच पाहत असेल, तर गाडी एका बाजूला ओढत राहते.

रेडियस आर्मचे रबरी बुश आवळताना गाडी चाकांवर उभी असली पाहिजे. लोंबकळत्या अवस्थेत बोल्ट आवळले की रबर कायमचे पिळलेले राहते आणि उंची पुन्हा बदलते. नवीन उंचीवर शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि बंप स्टॉप (ॲक्सल वर आपटताना झेलणारे रबर) यांना किती वाव उरला आहे, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

प्रश्न : माझ्या प्रीमियर पद्मिनीचे मागचे पाटे एकेक पान काढून कमी केले आणि वर एक इंची ठोकळे घातले. तेव्हापासून मागून येणारे मित्र सांगतात की गाडी तिरकी चालते. अलाइनमेंटवाल्याने स्टिअरिंग सरळ करून दिले, तरी तिरकेपणा राहिलाच आहे.
— एक वाचक, वाई

उत्तर : पद्मिनीला मागे सरळ ॲक्सल आहे, त्यामुळे गाडी खाली घेतल्याने मागच्या चाकांचा कॅम्बर बदलत नाही. बदलते ती ॲक्सलची जागा. पाट्यांच्या सेंटर बोल्टचे डोके ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसते आणि तेच ॲक्सलला जागेवर धरते. यू-बोल्ट नुसते दाबून ठेवतात. मध्ये ठोकळा घातला की त्याच्या खालच्या बाजूस भोक आणि वरच्या बाजूस तेवढीच खुंटी हवी. साधा चौकोनी तुकडा कापून घातला असेल तर ॲक्सल हळूहळू सरकतो, आणि तुमच्याकडे तेच झाले असावे.

पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या बोल्टपासून ॲक्सलच्या हौसिंगपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजा. ३ मिमीहून अधिक फरक दिसला तर ठोकळे उघडलेच पाहिजेत. दोन पाट्यांमध्ये एक मीटर अंतर धरले आणि एक बाजू ५ मिमी मागे गेली, तर पद्मिनीच्या २३४० मिमी व्हीलबेसवर (पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतरावर) मागच्या चाकांचा माग पुढच्या चाकांच्या मागापासून जवळपास १२ मिमीने चुकतो. अशा गाडीचे स्टिअरिंग टाय रॉड (पुढच्या चाकांना स्टिअरिंगशी जोडणारे दांडे) फिरवून सरळ केले तर दुखणे झाकले जाते, बरे होत नाही.

काढलेली पाने परत बसवावीत. पान काढल्याने गाडी खाली येते, पण पाट्यांची ताकदही जाते. पाच माणसे बसली की प्रत्येक गतिरोधकावर ॲक्सल बंप स्टॉपवर आपटतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आपल्या गावांतले कित्येक गतिरोधक कसे असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. पूर्ण पाटे, खुंटी असलेले लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचे ठोकळे आणि पुरेशा लांबीचे नवीन यू-बोल्ट एवढेच करावे. ठोकळ्यावर ठोकळा चढवू नये आणि लाकूड तर मुळीच वापरू नये. यू-बोल्ट दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत.

प्रश्न : गाडी खाली घेतल्याने आरटीओकडे अडचण येते का? माझी फियाट १९६८ ची आहे.
— एक वाचक, मिरज

उत्तर : मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. तुमच्या गाडीला ५० वर्षे होऊन गेली आहेत, म्हणून २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेतली विंटेज नोंदणी तुम्हाला मागता येईल. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात हवी आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणून चॅसी कापून मागची बाजू खाली घेण्याच्या वाटेला जाऊ नये. बोल्टने बसणारा ठोकळा तपासणीआधी काढून मूळ यू-बोल्ट परत लावता येतात, त्यामुळे काढलेले मूळ सुटे भाग खूण करून जपून ठेवावेत. मात्र विंटेज नोंदणी झाल्यावर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. ती तुम्ही दररोज सांगलीपर्यंत नेत असाल तर साधी नोंदणीच चालू ठेवावी.