परभणीच्या घरातील १९९० च्या दशकातल्या लग्नाच्या व्हीएचएस कॅसेट नव्या एलईडी टीव्हीवर कशा पाहाव्यात?

कॅसेट वाचण्यासाठी व्हीसीआर किंवा व्हीसीपी (फक्त कॅसेट दाखवणारे, रेकॉर्डिंग न करणारे यंत्र) लागतोच. फुनाई या जपानी कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवल्यानंतर नवे यंत्र मिळणे जवळपास संपले आहे, म्हणून नातेवाइकांकडे किंवा जुन्या व्हिडिओ शूटिंगवाल्यांकडे चालू यंत्राची चौकशी करावी.

यंत्राच्या मागे पिवळी पिन चित्रासाठी आणि पांढरी-लाल पिन आवाजासाठी असते. टीव्हीला एव्ही इनपुट असेल तर तेवढी वायर पुरते; फक्त एचडीएमआय असेल, तर ‘एव्ही टू एचडीएमआय’ कन्व्हर्टर घ्यावा. दुकानात अगदी तसाच दिसणारा ‘एचडीएमआय टू एव्ही’ही असतो, पण तो उलट दिशेने चालतो आणि येथे निरुपयोगी ठरतो. चित्राचे प्रमाण टीव्हीवर ४:३ ठेवावे, नाहीतर माणसे आडवी ताणलेली दिसतात.

माझी खरी काळजी मात्र टेपची आहे. मराठवाड्यात चाळीस अंशांपुढे जाणाऱ्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत राहिलेली टेप खराब होऊ शकते आणि पावसाळ्यातील ओलाव्याने तिच्यावर पांढरी बुरशी चढते. अशी कॅसेट यंत्रात घातल्यास हेड (टेप वाचणारा भाग) खराब होते आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते, त्यामुळे ती आधी जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी. चांगली कॅसेट लागली, की यूएसबी कॅप्चर उपकरणाने तिची संगणकावर प्रत लगेच करावी, कारण प्रत्येक वेळी पाहताना टेप थोडी झिजतेच.