जीवघेणी स्पर्धा आणि निषिद्ध प्रेम एकाच कादंबरीत एकजीव कसे करावे?

आपण लिहिले आहे की आपल्या कादंबरीत बारा गडांचे बारा योद्धे नदीपात्रातल्या रिंगणात उतरतात, त्यांतला एकच जिवंत परततो आणि नायिकेचे मन वैरी गडाच्या योद्ध्यावर जडते. मात्र हस्तलिखित वाचणाऱ्यांना स्पर्धा आणि प्रेम ही दोन वेगळी कथानके वाटली. माझ्या मते उणीव प्रेमप्रसंगांत नसून बंदीच्या कारणात आहे. दोन गडांचे वैर स्पर्धा नसती तरीही तेवढेच राहिले असते, त्यामुळे रिंगणातल्या कोणत्याही फेरीने त्या प्रेमाचे काही घडत नाही आणि बिघडतही नाही.

महाभारताच्या आदिपर्वातील कच-देवयानीचे आख्यान आपण या दृष्टीने पुन्हा वाचावे. युद्धात पडलेले असुर शुक्राचार्यांच्या संजीवनी विद्येने पुन्हा उठतात, म्हणून देव बृहस्पतीच्या मुलाला, कचाला, शत्रूच्या गुरूकडे शिष्य म्हणून पाठवतात. असुर त्याला पुन्हा पुन्हा मारतात आणि आपली मुलगी देवयानी हिच्या हट्टामुळे शुक्राचार्य त्याला पुन्हा पुन्हा उठवतात. अखेर असुर त्याची राख मद्यात कालवून खुद्द गुरूंनाच पाजतात. आता कच बाहेर येणार तो गुरूंचे पोट फाडूनच, म्हणून शुक्राचार्य पोटातल्या कचालाच विद्या देतात आणि बाहेर आल्यावर तो त्यांना जिवंत करतो. पुढे देवयानी विवाहाचे विचारते, तेव्हा कच म्हणतो, की ज्या उदरात तुझा वास होता तिथेच मीही राहिलो, त्यामुळे धर्माने तू माझी बहीण आहेस. तिने ज्या हट्टाने त्याला वाचवले, त्यातूनच दोघांमधली भिंत उभी राहिली. मला हा भाग आजही एका बैठकीत पुढे वाचवत नाही.

असा नियम रिंगणातच असावा. मी जुन्या नाशकात वाढले. माझे वडील ज्या तालमीत जात, तिथे एकाच वस्तादाच्या दोन पठ्ठ्यांची जोड जत्रेच्या फडात लावायची नाही, असा दंडक होता, कारण एका मातीत घाम गाळलेले दोघे भाऊ मानले जात. आपल्या स्पर्धेत असा नियम ठेवून पाहा, की ज्याने ज्याला जीवदान दिले, त्या दोघांचे नाते त्या क्षणापासून रक्ताचे. मग नायिकेने त्याला वाचवले तर तो कायमचा दुरावतो आणि न वाचवले तर मरतो.

मृत्यूंविषयीही थोडे सांगते. रोममध्ये ग्लॅडिएटर घडवणे खर्चाचे काम होते आणि भाड्याने आणलेला योद्धा मेला, तर आयोजकाला त्याची किंमत मालकाला भरावी लागे. म्हणून हरलेल्या अनेकांना जिवंत सोडले जाई. इ. स. 80 मध्ये सम्राट टायटसने कलोसियमचे उद्‌घाटन केले. त्या खेळांवरील एका कवितेत मार्शल या कवीने प्रिस्कस आणि वेरस यांची लढत वर्णिली आहे: दोघे तुल्यबळ ठरले, दोघांनी एकाच वेळी हार मानली आणि सम्राटाने दोघांनाही मुक्तीची खूण असलेली लाकडी तलवार दिली. आपल्या कथेत प्रत्येक मृत्यूची किंमत कोणता गड मोजतो, हे एकदा ठरले, की पहिल्या काही फेऱ्यांत मरणारे योद्धेही वाचकाच्या लक्षात राहतील.

रिंगण नदीपात्रात आहेच, तर गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती आठवावा. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, छातीला लागले, की गळ्याशी आले, यावरून आपण नाशिककर पुराचा अंदाज घेतो. आपल्या पात्रातही अशी एक मूर्ती उभी करावी. काठावरची गर्दी तिच्याकडे पाहत राहील आणि पाणी तिच्या गळ्याशी पोहोचेल, त्या घटकेला नायिकेने त्याचा हात धरायचा की सोडायचा, हे ठरवावे.