कोब्यावरची लाकडी फरशी सैल झाली तर

प्रश्न : वडोदऱ्यातील कारेलीबागेत आमचे तळमजल्यावर घर आहे. कोब्यावर चिकटवलेल्या सागाच्या फळ्यांपैकी खिडकीजवळच्या तीन फळ्या पाय पडताच दबतात आणि पोकळ वाजतात. सगळी फरशी उखडावी लागेल का?

उत्तर : नाही, पण खिडकीच्या चौकटीतून पाणी झिरपते का ते आधी पाहा आणि झिरपत असेल तर ते थांबवून फळ्या पूर्ण वाळू द्या. मग नाण्याने ठोकत जा आणि भरीव आवाज जाऊन जिथे पोकळ आवाज येऊ लागतो, तिथे खडूने रेघ ओढा. रेघेच्या आत, लाकडाच्या गडद रेषेवर, फळीपुरतीच खोल अशी 2-3 मिलिमीटरची दोन भोके पाडा. एकातून सिरिंजने पातळ इपॉक्सी (दोन द्रव मिसळल्यावर घट्ट होणारा गोंद) सोडा आणि दुसऱ्यातून ते वर येताच थांबा. सांडलेले लगेच पुसा, कारण वाळलेले इपॉक्सी पॉलिश सोबत घेऊनच निघते. वर मेणकागद आणि पाट ठेवून पाण्याने भरलेले डबे 24 तास राहू द्या. सुतारकामाचा पांढरा गोंद मात्र इथे वापरू नका. त्यातले पाणी उडाले तरच तो धरतो, आणि फळीखाली कोंडलेले ते पाणी लाकूडच शोषून घेते.

प्रश्न : दांडिया बाजारातील आमच्या दिवाणखान्याची फरशी पावसाळ्यात मधोमध फुगते आणि दिवाळीनंतर खाली बसते. सुतार स्क्रूने आवळू म्हणतात. आवळावी का?

उत्तर : कृपया आवळू देऊ नका. दमट हवेत लाकूड लांबीत नव्हे, रुंदीत वाढते, आणि फळ्या भिंतीला टेकल्या असतील तर त्यांना वर उचलण्यावाचून वाट उरत नाही. स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी ठोकलेली पट्टी, काढून पाहा. फळ्या आणि भिंत यांच्यात 10-12 मिलिमीटरची फट नसेल तर फळ्यांची तेवढी कड कापून घ्या आणि स्कर्टिंग पुन्हा भिंतीलाच ठोका, फळीला नव्हे. फट असूनही फरशी फुगत असेल तर एक फळी काढून उघड्या कोब्यावर पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा. किमान 16 तासांनी खाली थेंब दिसले किंवा कोबा काळवंडला, तर ओल जमिनीतून येते आहे. अशा वेळी फळ्या काढून ओल रोखणारा थर देण्याला पर्याय नाही.

प्रश्न : खाचेत अडकणाऱ्या, न चिकटवलेल्या फळ्या हलतात. गोंद सोडावा का?

उत्तर : नाही. ती फरशी मोकळीच राहायला हवी. फळ्या सोडवून कोब्यातला खड्डा भरून घ्या.

प्रश्न : ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचे पाणी समा येथील आमच्या घरात शिरले आणि फळ्या वाकल्या. त्याच पुन्हा बसवाव्यात का?

उत्तर : सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून रचलेल्या सागाच्या काही फळ्या कालांतराने सरळ होतात, त्यांचे कपाट किंवा बाक करून घ्यावा. पाणी पुन्हा शिरण्याची शक्यता असलेल्या तळमजल्यावर मी कोटा फरशीच घालीन.